दोन नावांचं खातं

सोमवार, ७ जुलै

मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहणारी तुळसा आज सकाळी आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. भाडं परवाच दिलं होतं, म्हणजे काम दुसरं. विचारलं तर पदराचं टोक पिळायला लागली. मला असलं खपत नाही. बोलायचं तर बोल, माझी कणीक मळायची राहिली आहे, म्हटलं.

तिचा नवरा पंजाबराव फुंडे जामुलच्या सिमेंट कारखान्यात ठेकेदाराकडे फिटर आहे. त्याला विशाखापट्टणमला चौदा महिन्यांचं काम मिळालं आहे, पगारही चांगला. २८ तारखेला संध्याकाळची गाडी. यात रडण्यासारखं काय, असं विचारणार तेवढ्यात ती घडाघडा बोलली.

पंजाबरावचं खातं गावी, आमगावला आहे. वडिलांनी जाण्याआधी दोन्ही मुलांच्या नावाने मिळून उघडलेलं. पासबुक आणि कार्ड थोरल्या गुलाबरावांकडे. पगार तिकडे जमा होतो आणि थोरले इकडे खर्चाला पाठवतात. ओव्हरटाइम रोख मिळतो म्हणून इथलं भागतं. पंजाबराव गेला की ओव्हरटाइम बंद. म्हणून तुळसाने नऊ वर्षांच्या पायलला घेऊन आमगावला राहायला यायचं, असं गुलाबरावांनी ठरवून टाकलं आहे. राखीनंतर न्यायला येणार.

"मी नाही जात काकू," ती म्हणाली. "मागच्या खेपेला पायलचे बाबा सुरतेले होते तवा राहिलो ना मी तिथं. पायलले ताप भरला. भासऱ्याशी बोलाचं नाही, मंग सासूले सांगा, सासू त्याईले सांगन, ते पैसे काढून आनतीन. तीन दिवस गेले. टायफाइड निघाला."

मोठ्या दिराला आमच्याकडे भासरा म्हणतात. त्यांच्यासमोर सून बोलत नाही, हे मलाही माहीत आहे. पण ताप थांबत नाही.

तिला सांगितलं, इथे भिलाईतच, सुपेल्याच्या बँकेत तुम्हा नवरा-बायकोच्या नावाने खातं उघडायचं, दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकेल असं. नव्या ठेकेदाराला त्याचा नंबर द्यायचा. मी १९७९ची बी.ए. आहे, गोंदियाच्या कॉलेजातून, विषय अर्थशास्त्र. चार दिवसांचं काम आहे.

मंगळवार, ८ जुलै

पंजाबरावला संध्याकाळी बोलावून घेतलं. हेल्मेट मांडीवर धरून खुर्चीच्या कडेला बसला. माणूस वाईट नाही, पण थोरल्या भावाचा विषय निघाला की मान खाली जाते.

"ते खातं बाबानं उघडलं काकू. खातं फोडलं म्हणजे घर फोडलं म्हनतीन दादा."

कोणी फोडायला सांगितलं, म्हटलं. ते राहू दे तिथे. हे दुसरं.

"दुसरं खातं म्हणजे दुसरी बायको केल्यासारखं वाटते."

दाराआडून तुळसा म्हणाली, "पह्यलीचंच नाव नाही कुठी. दुसरीचं काय घेऊन बसले."

तो हसला. मग म्हणाला, खातं उघडू, पण दादाला तुम्हीच सांगा. मी हो म्हटलं. माणसाला समोरासमोर स्पष्ट सांगायला मला कधी अडचण वाटलेली नाही.

गुरुवार, १० जुलै

अपमान झाला. सविस्तर लिहून ठेवते.

कारखान्यात भट्टी बंद ठेवून दुरुस्ती चालू आहे. २३ तारखेपर्यंत पंजाबरावला सुट्टी नाही. म्हणून निदान तुळसाचा अर्धा फॉर्म पुरा करून घ्यावा, असं मी ठरवलं. दोघांची आधार कार्डं, पॅन, फोटो, आणि माझ्या हाताने लिहिलेला भाडेकरार, स्टॅम्प पेपरवर. एकही कागद कमी नव्हता.

काउंटरवर भूपेंद्र साहू नावाचे अधिकारी आहेत. तिशीचे, अहिवाऱ्याकडचे. तुळसाला नाव विचारलं, तिने सांगितलं. जन्मतारीख सांगितली. पतीचं नाव विचारलं आणि ती गप्प. मी सांगितलं. काय काम करतात, मी सांगितलं. भिलाईत किती वर्षं, सहा, तेही मीच सांगितलं. साहूंनी पेन खाली ठेवलं.

"माताजी, आप कौन?"

घरमालकीण, म्हटलं. माझं नाव विचारलं, पतीचं नाव विचारलं. मी आधार कार्ड पुढे सरकवलं. लिहिलेलं असताना तोंडाने कशाला सांगायचं? त्यांनी वाचलं, "सिंधु मेंढे. पति, बाबुलाल मेंढे." बरोबर, म्हटलं.

मग पुन्हा तुळसाकडे वळून तोच प्रश्न. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "पायलचे बाबा."

साहूंनी शांतपणे समजावलं. हल्ली काही लोक ठेकेदारी मजुरांच्या बायकांना बँकेत आणतात, खाती उघडून कार्डं स्वतःकडे ठेवतात आणि फसवणुकीचे पैसे त्यातून फिरवतात. पोलीस येतात ते त्या बायकांच्या दारात. "जो अपने पति का नाम नहीं बता रही, और जवाब मकान मालकिन दे रही है, उसका फॉर्म मैं आगे कैसे बढ़ाऊँ?" नवऱ्याला घेऊन या, दोघांना वेगवेगळं विचारेन, मग बघू. फॉर्म परत.

म्हणजे मी फसवणूक करणाऱ्या टोळीतली. अडुसष्टाव्या वर्षी.

रस्त्यात तुळसाला चांगलं सुनावलं. नवऱ्याचं नाव घ्यायला लाज वाटते, या काळात. ती म्हणाली, लाज नाही. "नाव घेतलं का आयुष्य कमी होते त्याईचं. अन् ते ऐंशी फूट वर चढतात काकू." आयुष्य सेफ्टी बेल्टने वाढतं, नाव न घेतल्याने नाही, म्हटलं. मग मी ऑटोला हात केला.

शुक्रवार, ११ जुलै

काल झालेलं सगळं यांना सांगितलं. हे बराच वेळ हसत होते. हसण्यासारखं काय झालं ते विचारलं तर म्हणाले, काही नाही, चहा दे. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात यांच्या हसण्याचं कारण मला दहा वेळा तरी कळलं असेल का, शंकाच आहे.

आमच्या घरी असले प्रश्न आलेच नाहीत. १९८१ साली लग्न होऊन भिलाईला आले तेव्हा हे रेल मिलमध्ये होते. पहिल्या तारखेला पगार माझ्या हातात आणून ठेवत. आता पेन्शन ठेवतात. मला बँकेची पायरी चढायची गरजच पडली नाही. तुळसासारख्यांना मात्र शिकवावं लागतं.

उद्यापासून रोज दुपारी तीन वाजता तिचा सराव घेणार आहे.

बुधवार, १६ जुलै

पाच दिवस झाले. लिहायला सांगितलं तर झरझर लिहिते, अक्षरही सुरेख. बोलायला सांगितलं की अडते. परक्या माणसाचं नाव आहे असं समज, म्हटलं. काल "पंजाब" म्हणाली आणि थांबली. आज "राव" म्हणाली. दोन्ही मिळून नाही. पंजाब हे राज्य आहे आणि राव कोणालाही म्हणतात, वेगवेगळे म्हणायला हरकत नाही, असं तिचं म्हणणं.

मी पट्टी आपटली. पायल घाबरली, तुळसा हसली.

सोमवार, २१ जुलै

आज सराव नाही. माझंच मन लागलं नाही.

मी घाई तर करत नाही ना, असं वाटतं. आमगावला तिचं सासर आहे, शेत आहे, माणसं आहेत. पंजाबराव भावाला दुखवायला तयार नाही. साहूंना माझा संशय. सगळ्यांना हवं ते एकीकडे आणि एकटी मी दुसरीकडे. पण तीन दिवसांचा तो ताप आठवला की वाटतं, नाही, हे व्हायलाच हवं.

हे म्हणतात, तुलाच ती पोर इथून जायला नको आहे. काहीतरीच. पायल संध्याकाळी अंगणात मोठ्याने पाढे म्हणते, एवढंच. तेराच्या पाढ्यात रोज चुकते. गावी कोण सुधारणार?

गुरुवार, २४ जुलै

पंजाबरावने आज पहिली सुट्टी घेतली. दोघांना घेऊन दहालाच बँकेत पोचले. आज हरेली. साहू सणासाठी गावी गेलेले. दुसऱ्या टेबलावरच्या बाईंनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि सांगितलं की या फॉर्मवर साहूंचा शेरा आहे, तेच बघतील.

छत्तीसगडात चव्वेचाळीस वर्षं राहून हरेली विसरले. गल्लीत मुलं बांबूच्या गेड्यांवर चढून फिरत होती, तेव्हाही डोक्यात आलं नाही. पायलही एका गेडीवर होती. खाली उतर, म्हणून तिच्यावर राग काढला.

उद्या पंजाबरावची दुर्गला नव्या नोकरीसाठी वैद्यकीय तपासणी आहे, दिवसभर. म्हणजे शनिवारी.

शनिवार, २६ जुलै

आज चौथा शनिवार. बँक बंद.

शटरसमोर आम्ही तिघं उभे होतो. हा दिवस मीच ठरवला होता. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात हे पायललाही ठाऊक असेल. मला ठाऊक नव्हतं, कारण मी कधी गेलेच नाही. हे इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

पंजाबराव म्हणाला, "राहू द्या काकू. सोमवारी गाडीच्या आंधी ठेकेदाराले नंबर द्या लागते. दादाचाच देतो."

तुळसा पुढे चालायला लागली. दुपारी मागे गेले तर ती मोठी पातेली एकात एक घालून पोत्यात भरत होती.  तीन वाजता सरावाला आली नाही. मी बोलावलंही नाही.

सोमवार, २८ जुलै

सकाळी साडेनऊला मी मागचं दार ठोठावलं. पंजाबराव बॅग भरत होता. गाडी संध्याकाळची आहे आणि बँक दहाला उघडते, एवढंच म्हटलं. तो बायकोकडे बघत राहिला. तुळसा निघालेलीच होती. हिरवी साडी नेसून, चपला घालून. मी येण्याआधीपासून.

साहू होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी मला लांबच्या बाकावर बसायला सांगितलं. बसले. आधी पंजाबरावला विचारलं, पाच मिनिटांत झालं, आणि त्याला बाहेर पाठवलं. मग तुळसाला समोर बसवलं. बाकावरून सगळं ऐकू येत होतं.

तिने स्वतःचं नाव सांगितलं. इथला, कोहक्याचा पत्ता सांगितला. खातं कशासाठी हवंय विचारलं तर म्हणाली, "पगार आएगा. मैं निकालूँगी, बच्ची का स्कूल, डॉक्टर." कार्ड कुणाकडे राहणार? "मेरे पास." मोडकं हिंदी, पण प्रत्येक उत्तर तिचं.

"पति का नाम?"

गप्प. मी पर्स घट्ट धरली. दोन आठवड्यांचा सराव, आणि तो शब्द मी स्वतःच ओरडून सांगेन की काय अशी भीती वाटली.

तुळसा उठून उभी राहिली. पदर डोक्यावर घेतला, उजवा हात टेबलावर ठेवला आणि सगळ्या बँकेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आमगाव सोडून कोहक्याला मांडली चूल,
पंजाबरावांच्या शेजारी, साहेब, माझं नाव करा कबूल."

उखाणा. मला वीस दिवसांत सुचलं नाही. उखाण्यात नाव घेतलं तर आयुष्याला धोका नाही, लग्नात सगळ्या घेतातच. घरी एकटीने जुळवून ठेवला होता, मला एक अक्षर बोलली नव्हती.

रांगेत चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतल्या दोन मराठी बायका होत्या. त्यांनी टाळ्याच वाजवल्या. एकीने साहूंना सांगितलं, "साहब, नाम आ गया. हमारे यहाँ तो शादी में भी ऐसेच बोलते हैं."

साहूंनी पुन्हा म्हणायला सांगितलं. तुळसाने पुन्हा म्हटलं, या वेळी हसत. ते लिहीत असताना त्यांच्या भाषेत म्हणाले, "हमर दाई घलो बाबू के नाँव नइ लेवय." त्यांची आईही वडिलांचं नाव घेत नाही. मग त्या दिवशी एवढं कशाला अडवलंत, असं मी उठून विचारलं. साहू म्हणाले, "दिक्कत नाम की नहीं थी, माताजी. उस दिन आप बोल रही थीं, ये नहीं."

हे उत्तर मला पटलेलं नाही. मी बोलले नसते तर कोण बोलणार होतं?

दोघांच्या सह्या झाल्या, मशीनवर अंगठे उमटले. दुपारी सव्वातीनला फोनवर खात्याचा नंबर आला. पंजाबरावने तो तिथल्या तिथे ठेकेदाराला पाठवला. मग तुळसाला म्हणाला, "पुरी बँक ऐकत होती. काचेबाहेर मले बी ऐकू आलं." ती म्हणाली, "बहिरे होते का, ऐकू न यायले." तो लाजून तिकिटासाठी खिसे चाचपायला लागला.

दुर्ग स्टेशनवर त्याला गाडीत बसवून आलो. पातेली संध्याकाळी परत मांडणीवर लागली.

सोमवार, ४ ऑगस्ट

तुळसा आज एकटीच जाऊन पासबुक घेऊन आली. पहिल्या पानावर दोन नावं छापलेली, एकाखाली एक. मी चष्मा लावून तपासली. चूक नाही.

दुपारी आम्हीही सुपेल्याला जाऊन यांच्या खात्यात माझं नाव घालण्याचा फॉर्म दिला. कारण काही नाही, चौथ्या शनिवारचा धडा. साहूंनी मला पतीचं नाव विचारलं. हे शेजारीच बसले होते, त्यांनीच सांगितलं. वेळ वाचला. हे घरी येईपर्यंत हसत होते.

रविवार, १० ऑगस्ट

काल राखी झाली, आज गुलाबराव आले. तांदळाचं भरलेलं पोतं खांद्यावर आणि दोन रिकामी पोती बगलेत, सामान भरून न्यायला. साठीचे, उंच, आवाज हळू. मी समजत होते तसे दिसले नाहीत.

मी तयारीत होते. काय बोलायचं ते कागदावर मुद्दे काढून ठेवले होते. मागच्या अंगणात त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पहिला मुद्दा काढला. म्हटलं, गुलाबराव, इथे एक खातं उघडलं आहे.

"माहीत हाय," ते म्हणाले. "नवा पगार कधी येईन, मी पुसलं. पंजाबनं फोनवर सांगितलं. रडत होता." मग म्हणाले, "बाबानं आमा दोघा भावाले एका खात्यात बसवलं होतं. आता मले उतरवलं म्हना."

मी कागद उलटून पाहिला.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात तुळसा आली. पदर कपाळाखाली. भासऱ्याकडे पाठ करून ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि भिंतीशी बोलली. आवाज बँकेतलाच.

"कोणी उतरवलं नाही. आमगावचं खातं हाय तसं राहू द्या. शेताचा, सासूच्या औषधाचा आमचा हिस्सा दर महिन्याच्या पाच तारखेले त्याच खात्यात येईन. पोरीची शाळा हाय, मी नाही येत."

गुलाबराव भिंतीकडेच बघत म्हणाले, "कोण पाठवन?"

"मी पाठवतो," तुळसा भिंतीला म्हणाली.

"अन् नाही पाठवलं त?"

"त मंग पोते घेऊन या. मी सोताच भरून देतो."

मी मुद्द्यांचा कागद घडी करून कमरेला खोचला. अजून चार मुद्दे त्यात राहिले होते. मग गुलाबरावांनी पायलला हाक मारली आणि तेराचा पाढा म्हणायला सांगितला. का, कुणास ठाऊक. तिने म्हटला. तेरा नव्वे एकशे सतरा म्हणाली, बरोबर. कालपर्यंत चुकत होती.

"शाळा बरी दिसते," ते म्हणाले.

जेवले. तुळसाने भाजीत तिखट जरा जास्त घातलं होतं, त्यांनी दोनदा वाढून घेतली. जाताना चपला घालता घालता मला विचारलं, दोघांच्या नावाने खातं करायला कागद कोणते लागतात. पंजाबसाठी का, म्हटलं. नाही, म्हणाले, आमच्या घरच्यांसाठी, त्या बी म्हनत होत्या. म्हणजे बायकोसाठी. मी त्यांना यादी लिहून दिली आणि शेवटी ठळक अक्षरात दोन ओळी टाकल्या: घरच्यांनाच बोलू द्या. दुसरा आणि चौथा शनिवार बँक बंद.

चारच्या गाडीने गेले. तांदूळ ठेवून गेले. रिकामी पोती घडी घालून परत नेली.